शोधा, सही करा, परत ठेवा

आपल्याकडे खजिना म्हटला की माणसाचा हात आपोआप कुदळीकडे जातो. पडक्या वाड्याची भिंत, गढीचा बुरूज, शेतातला जुना पार, कुठेतरी हंडा पुरलेला आहे आणि तो आपल्याच नशिबात लिहिलेला आहे, ही कल्पना पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरांना सोबत करीत आली आहे. खानदेशात तर ओसाड गढीखाली सात रांजण मोहरा आणि त्यांवर वेटोळे घालून बसलेला नाग, ही गोष्ट ऐकल्याशिवाय कोणाचे बालपण संपत नसे. त्या रांजणांतली एकही मोहोर बाजारात आलेली कुणी पाहिली नाही, पण गोष्टीची किंमत त्यामुळे कमी झाली नाही.

इंग्रज सरकार या बाबतीत आपल्यापेक्षा व्यवहारी होते. १८७८ साली त्यांनी गुप्तधनाचा कायदा केला आणि दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचे धन जमिनीत सापडले तर कलेक्टरला लेखी कळवा, असा दंडक घालून दिला. पण कायद्याने लोभ थोडाच आवरतो? गुप्तधनाच्या मागे लागून मांत्रिकाच्या नादाने काय काय होते ते आपण वर्तमानपत्रांत वाचतो. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला, त्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला, यावरूनच रोग किती मुरला आहे हे ध्यानात यावे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी आयुष्य वेचले, तो त्यांच्या हत्येनंतरच आला, हेही विसरता येत नाही.

तेव्हा खजिना या शब्दाकडे शंकेने पाहण्याची सवय मला आहे. बँकेत उमेदीची वर्षे गेल्यामुळे तर अधिकच! फुकटचे धन कुठेही नसते, असले तर त्यावर कुणाचा तरी बोजा असतो, हे आमच्या नोकरीने शिकवलेले पहिले सूत्र. आणि तरीही आज मी एका खजिन्याच्या खेळाची वकिली करणार आहे. कारण त्या खेळात कुदळ वर्ज्य आहे, सापडलेली वस्तू घरी न्यायची नाही, आणि ज्याला ती सापडते त्याला बक्षीस म्हणून मिळते ती फक्त एका वहीत सही करण्याची परवानगी.

या खेळाला जगभर ‘जिओकॅशिंग’ म्हणतात. यातल्या ‘कॅश’चा आमच्या कॅशियरशी काही संबंध नाही. तो मूळ फ्रेंच शब्द, अर्थ लपवणे, दडवून ठेवणे. खेळाचा जन्म मोठा मजेदार आहे. अमेरिकेच्या सैन्याने पृथ्वीभोवती सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या उपग्रहांची एक माळ उभारली. हातातल्या यंत्राने त्यांचे संदेश पकडले की आपण पृथ्वीवर नेमके कुठे उभे आहोत ते कळते. हीच ती जीपीएस. पण सामान्य नागरिकांसाठी या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे, त्यामुळे उत्तर शंभर-शंभर मीटरनी हुकायचे. १ मे २००० रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ही मिसळ बंद करण्याची घोषणा केली आणि त्याच मध्यरात्री ती बंद झाली. अचूकता एका रात्रीत कितीतरी पटींनी वाढली. ३ मे रोजी ओरेगॉन राज्यातल्या डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांनी एक बादली रानात ठेवली, तिच्यात एक वही, पेन्सिल, काही पुस्तके आणि शेंगांचा एक डबा असा किरकोळ माल भरला आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करून टाकले. नियम एवढाच, की काही घ्याल तर काही ठेवा. तीन दिवसांत लोक तिथे पोहोचले. आज असे लाखो डबे जगभर लपलेले आहेत.

तसे पाहिले तर इंग्लंडात याची आजी होती. डार्टमूरच्या पठारावर, क्रॅनमिअर पूल नावाच्या अवघड दलदलीच्या जागी, जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने १८५४ साली एक बाटली ठेवली. जो पायपीट करून तिथवर जाईल त्याने आपले नावाचे कार्ड तिच्यात टाकावे. दीडशे वर्षांनी उपग्रह आले, पण बाटलीची कल्पना तीच राहिली.

या खेळाचा एक प्रकार मला विशेष आवडतो, तो कोड्याचा. त्यात डब्याचे खरे ठिकाण सांगतच नाहीत. जाहीर केलेले अक्षांश-रेखांश फसवे असतात. खरे ठिकाण त्याच्या आसपास साधारण तीन किलोमीटरच्या आत असते आणि ते कोडे सोडवून काढायचे असते. म्हणजे आधी डोके चालवायचे, मग पाय. आपल्या मराठी घरांना यात नवे काय आहे? भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्या खानदेशात मुली भुलाबाई बसवतात, गाणी म्हणतात आणि शेवटी खाऊ ओळखायला लावतात. झाकलेला डबा कानाशी हलवून दाखवायचा, ‘गोड की तिखट, ओला की सुका’ एवढीच खूण द्यायची, आणि ओळखेपर्यंत झाकण उघडायचे नाही. लपवलेला डबा, खूण आणि शोध, तिन्ही अंगे हजर. फरक एवढाच, की भुलाबाईचा डबा आपल्यापर्यंत चालत येतो, इथे आपल्याला डब्यापर्यंत चालत जावे लागते.

हे चालत जाणे मला महत्त्वाचे वाटते. नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर, आमच्या जिल्ह्यातल्या कोणत्याही गावाच्या कडेला जा, शेते मोडून नव्या कॉलन्या उभ्या राहिलेल्या दिसतील. बिगरशेती झालेले प्लॉट, आखीव रस्ते, प्रत्येक घरापुढे लोखंडी फाटक. मी निवृत्तीनंतर अशाच एका कॉलनीत राहतो. इथल्या मुलांची शाळेची गाडी दाराशी येते, क्लासची रिक्षा दाराशी येते, खाऊसुद्धा दाराशी येतो. आईबापांचा दोष नाही. रस्त्यावरची वाहने पाहिली तर मूल एकटे सोडायला कोणाचेही मन धजणार नाही. पण परिणाम असा, की बारा वर्षांच्या मुलाला आपले गाव गाडीच्या काचेतून दिसते तेवढेच ठाऊक असते. आणि कुठे जायचेच झाले तर फोनमधली बाई सांगते, ‘दोनशे मीटरवर उजवीकडे वळा.’ ती सांगते तिथे आपण वळतो आणि पोहोचतो. पोहोचणे आणि वाट ठाऊक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र त्या बाईमुळे विसरायला होते.

मागे एका दिवाळीच्या सुट्टीत कॉलनीतल्या नऊ-दहा मुलांसाठी मी असा एक कोड्याचा खेळ मांडला. पारदर्शक प्लास्टिकचा डबा, आत वही आणि पेन्सिल, ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या परवानगीने त्याच्या विहिरीपासून दूर, बांधावरच्या कडुनिंबाच्या ढोलीत ठेवलेला. अक्षांशाचा मोठा भाग मी सांगून टाकला, २१ अंश २२ मिनिटे आणि पुढे दशांश चिन्ह. त्यानंतरचे तीन आकडे मुलांनी शोधायचे. पहिला आकडा : आपल्या जिल्ह्यात तालुके किती? दुसरा : आपला जिल्हा ज्या महिन्यात जन्मला त्या महिन्याचा क्रमांक. तिसरा : गोळीबारात शिरीषकुमार गेला त्या दिवसाची तारीख. रेखांशासाठीही अशीच तीन कोडी होती.

शेवटच्या दोन आकड्यांसाठी मुलांना गावात हिंडावे लागले. धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा झाला, म्हणून सात. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारच्या रस्त्यावर शाळकरी मुलांच्या मिरवणुकीवर गोळ्या चालल्या, शिरीषकुमार मेहता आणि त्याच्यासोबत लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम ही मुले गेली, म्हणून नऊ. शिरीषकुमार तेव्हा पुरता सोळा वर्षांचाही नव्हता. स्मारकासमोरून ही मुले रोज गाडीतून जातात. त्या दिवशी प्रथमच ती तिथे पायी उभी राहिली, पाटी वाचली, आणि त्यांतल्या एकीने विचारले, ‘नाना, म्हणजे हा दादाएवढाच होता?’ तिचा दादा दहावीत आहे. इतिहासाच्या पुस्तकाला जे करता येत नाही ते एका आकड्याच्या गरजेने झाले.

पण खरी गंमत पहिल्या आकड्यात झाली. मुलांनी बोटांवर तालुके मोजले. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा. पाच! सगळ्यांचे एकमत. आकडा लिहिला, फोनवर ठिकाण टाकले आणि फौज निघाली. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे १,८५० मीटर. दशांश चिन्हानंतरचा पहिला आकडा एकाने चुकला तर माणूस १८५ मीटर बाजूला पडतो, दुसरा चुकला तर साडेअठरा मीटर आणि तिसरा चुकला तर जेमतेम दोन मीटर. मुले बरोबर १८५ मीटर दक्षिणेला, एका पत्र्याच्या शेडपाशी जाऊन उभी राहिली. तिथे ना झाड, ना ढोली. अर्धा तास शोधाशोध झाली. शेवटी शेडमध्ये काम करणाऱ्या एका माणसाने विचारले, काय शोधता? मुलांनी कोडे सांगितले. तो हसला. म्हणाला, ‘आमचा धडगाव कुठे गेला?’

तो अक्राणी तालुक्यातला होता. धडगाव हे त्या तालुक्याचे मुख्य गाव. जिल्ह्यातला सर्वांत डोंगराळ तालुका, आणि जिल्ह्याच्या शहरात वाढणाऱ्या दहा मुलांच्या दहा डोक्यांत तो नव्हता. पुढे डबा सापडला, सह्या झाल्या, मुले आनंदाने घरी गेली. माझ्या मनात मात्र ते १८५ मीटर रेंगाळत राहिले. कारण मुलांचे विसरणे हे मुलांचे नव्हतेच. घरात, वर्गात, बाजारात जे नाव उच्चारले जाते ते मुलांना येते. जे उच्चारले जात नाही ते बोटांवर येत नाही. मोठ्यांच्या हिशेबातून जो तालुका गळतो तो मुलांच्या हिशेबातूनही गळतो.

नोकरीच्या आरंभीच्या काळात, १९८०च्या दशकात, मला त्याच भागात कर्जवाटपासाठी हिंडावे लागे. तेव्हा तो धुळे जिल्हा होता आणि एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची धामधूम चालू होती. कुणाला बैल, कुणाला शेळ्या, कुणाला इंजिन. कर्जाच्या अर्जावर पत्ता म्हणून गाव, पोस्ट आणि तालुका एवढेच लिहिलेले. प्रत्यक्षात गाव म्हणजे एका जागी वसलेली घरे नव्हेत. पाडे चार टेकड्यांवर विखुरलेले, एका घरापासून दुसरे घर हाकेच्याही पलीकडे. पण विचारले तर वाट मिळे, आणि किती नेमकी! नाला दोनदा ओलांडा, मग मोहाची तीन झाडे ओळीने येतील, तिसऱ्याची फांदी वीज पडून जळालेली आहे, तिथून चढ घ्या. ती फांदी तिथे असे. जळालेलीही असे. ज्या माणसांना आम्ही अंगठेबहाद्दर म्हणून फॉर्मवर शाई लावायला सांगत होतो, त्यांच्या डोक्यातला नकाशा आमच्या कचेरीतल्या नकाशापेक्षा सरस होता.

आणि कचेरीचा नकाशा तरी काय असे? गहाणखतात जमिनीचे वर्णन चतुःसीमेने व्हायचे. पूर्वेस अमुक याचे शेत, पश्चिमेस गाडरस्ता, दक्षिणेस नाला, उत्तरेस सरकारी जंगल. या ‘उत्तरेस सरकारी जंगल’ शब्दांत किती घरांचे आयुष्य अडकले होते ते पुढे सर्वांनाच कळले. त्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या कसणारी माणसे होती, पण कागदावर ती कुठेच नव्हती. सात-बारा नाही म्हणून बँक नाही, बँक नाही म्हणून सावकार, असे ते चक्र.

२००६ साली संसदेने वनहक्क कायदा केला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जो आदिवासी वनजमीन कसत आहे त्याचा हक्क, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत, मान्य करण्याची तरतूद त्यात आहे. दावा ग्रामसभेपुढे मांडायचा आणि पुरावे द्यायचे. या पुराव्यांची यादी वाचण्यासारखी आहे. सरकारी कागद तर चालतातच, पण घर, झोपडी, विहीर, स्मशानाची जागा, देवस्थान या जमिनीवरच्या खुणा चालतात, आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले कथनही चालते. म्हणजे ते मोहाचे झाड आणि ती जळालेली फांदी अखेर कायद्याच्या दरबारात साक्षीला उभी राहिली. मग वनपट्ट्यांच्या मोजणीसाठी तेच यंत्र आले, जीपीएस. शेताच्या कडेने एक फेरी मारायची, कोपऱ्याकोपऱ्यावर आकडे टिपायचे. आमच्या कॉलनीतली मुले जे आकडे डब्यासाठी शोधत होती, तसेच आकडे सातपुड्यातल्या एका बापाच्या शेताला कागदावर आणू शकतात. एका आकड्याची चूक इथे खेळ लांबवते, तिथे शेत शेजाऱ्याच्या किंवा सरकारच्या नावावर ढकलते.

याच्याही पुढची एक गोष्ट आहे. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली ३३ गावे गेली, ती अक्कलकुवा आणि अक्राणी याच दोन तालुक्यांतली. मणिबेलीचे नाव तेव्हा जगभर गाजले. २०१७ साली धरणाचे लोकार्पण झाले आणि २०१९ च्या पावसाळ्यात ते १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले. त्या जुन्या गावठाणांचे अक्षांश-रेखांश आजही तेच आहेत. आकडे बुडत नाहीत. आकड्यांवर उभे असलेले घर, चूल, देवाचा दगड मात्र बुडतो. नकाशा वाचायला शिकणे म्हणजे नुसते ठिकाण शोधणे नव्हे, त्या ठिकाणी आधी काय होते ते विचारणे, हे आपण मुलांना सांगणार की नाही?

आता आक्षेपांकडे वळतो. ते येणार, आणि यावेतही.

पहिला आक्षेप सुरक्षिततेचा. बेवारस वस्तूला हात लावू नका, असे आपण स्थानकावर रोज ऐकतो, आणि इथे मी डबे लपवा म्हणतो. आक्षेप खरा आहे. इंग्लंडातल्या वेदरबी गावात २०११ साली असाच एक डबा बॉम्ब समजून पथकाने उडवून दिला होता. म्हणून रेल्वे स्थानक, बसस्थानक, सरकारी कचेऱ्या, देवळांची गर्दी इथे डबा ठेवायचाच नाही. तिथल्या पाटीवरचा आकडा तेवढा कोड्यात घ्यायचा. डबा ठेवायचा तो जागामालकाच्या परवानगीने, आतले दिसेल असा, वर शाळेचे नाव लिहून, आणि पोलीस ठाण्याला कळवून. विहीर, रूळ, महामार्ग टाळायचे. साप-विंचवाच्या देशात मुलांना दगड उलटायला लावायचे नाहीत. खेळाचे मूळ नियमही सांगतात, की डबा पुरायचा नाही, उकरायचे नाही आणि परवानगी हवी. मुलांनी गटाने जायचे, बरोबर एक मोठे माणूस. मुलींच्या आयांना विश्वास वाटेल असा खेळ हवा. तो वाटत नसेल तर खेळ चुकला, आया नव्हे.

दुसरा आक्षेप असा, की मुलांच्या हातून फोन सुटत नाही म्हणून आपण रडतो आणि आणखी एक निमित्त देतो. पाच मुलांत एक फोन, हे त्याचे उत्तर. शिवाय यात फोन हा फक्त होकायंत्राचे काम करतो. शेवटच्या दहा-पंधरा मीटरांत त्याचे काही चालत नाही, उपग्रहाची अचूकता तिथे संपते आणि माणसाची नजर सुरू होते. ढोली कोणती, दगड कुठला हलवलेला, ओढ्याची दिशा कोणती, हे डोळ्यांनीच पाहावे लागते. फोन खिशात घालायला लावणारा फोनवरचा खेळ मला तरी दुसरा दिसत नाही.

तिसरा आक्षेप, हे परदेशी खूळ आहे. असेल. पण जमीन मोजण्याचे मोठे खूळ इथेच वाढले. १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्टन यांनी त्रिकोणमितीच्या मोजणीला प्रारंभ केला, अजस्र यंत्रे माणसांच्या खांद्यांवरून वाहत ती मोजणी उत्तरेकडे सरकत राहिली, आणि हे लॅम्टन १८२३ साली आपल्या विदर्भात हिंगणघाटला वारले. तिथेच त्यांची कबर आहे. हा देश मोजण्यात खपलेल्यांत साहेबांची नावे उरली, साखळ्या ओढणाऱ्या आपल्या माणसांची उरली नाहीत. नंतर किती तरी दशके सविस्तर नकाशे सामान्य माणसाला सहज मिळत नसत. २००५ च्या नकाशा धोरणाने दार किलकिले झाले आणि फेब्रुवारी २०२१ च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनी पुष्कळसे उघडले. इस्रोचे ‘भुवन’ तर २००९ पासून आहे. दार उघडले, पण आत जायला आपली मुले शिकली नाहीत, असे व्हायला नको.

राहिला लोभाचा प्रश्न. कोड्यांमागे खरे सोने ठेवले की काय होते, तेही जगाने पाहिले आहे. किट विल्यम्स या इंग्रज चित्रकाराने १९७९ साली चित्रांच्या एका पुस्तकात कोडी घातली आणि सोन्याचा ससा जमिनीत पुरला. लोकांनी जागोजाग खणले. १९८२ साली ससा सापडला, आणि काही वर्षांनी उघड झाले, की विजेत्याला आतल्या गोटातून खबर होती. अमेरिकेत फॉरेस्ट फेन यांनी २०१० साली रॉकी पर्वतात पेटी दडवली. ती २०२० मध्ये सापडली, पण तोवर शोधाच्या नादात काही जणांचे प्राण गेले. बक्षीस मोठे झाले की खेळ मरतो आणि धंदा सुरू होतो. म्हणून तो क्षुल्लक डबा मला थोर वाटतो. त्यात गोट्या, शिसपेन्सिल, एखादे जुने नाणे यापलीकडे काही नसते. घ्याल तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाचे ठेवा. नाही घेतले तरी सही करा. आणि डबा होता तिथे, होता तसा, परत ठेवा, कारण उद्या दुसरे कोणी येणार आहे.

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, त्या दोन माणसांकडे असतात, आणि प्रत्येक उघडझाकीची नोंद होते. माणूस एकटा असला की मोहात पडतो, या अनुभवातून ती रीत आली. या डब्याला एकही कुलूप नाही. तो रानात उघडा पडलेला असतो आणि तरी वर्षानुवर्षे टिकतो, केवळ अनोळखी माणसांच्या एकमेकांवरच्या भरवशावर. परत ठेवण्याची ही शिकवण आज फार थोड्या ठिकाणी मिळते. जमिनीतून काढायचे, जंगलातून आणायचे, नदीतून उपसायचे, एवढेच आपण पाहत आलो. सापडलेली वस्तू पुढच्यासाठी जागेवर ठेवण्यातही आनंद असतो, हे दहाव्या वर्षी कळले तर चाळिसाव्या वर्षी उपयोगी पडेल.

म्हणून जिल्ह्यातल्या शाळांना आणि पालकांना माझी एक सूचना आहे. येत्या सुट्टीत सहा तालुक्यांत सहा डबे ठेवावेत. नंदुरबारचे कोडे शिरीषकुमारच्या स्मारकावरून निघेल. शहाद्याचे प्रकाशावरून, जिथे तापीकाठी १९५४-५५ साली उत्खनन झाले आणि ताम्रपाषाण युगातली वस्ती उजेडात आली. नवापूरचे त्या रेल्वे स्थानकावरून, ज्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. तळोद्याचे अस्तंब्याच्या यात्रेच्या वाटेवरून, अक्कलकुव्याचे काठीच्या होळीवरून. जवळच्या टेंभलीलाही विसरू नये. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक तिथल्या एका बाईच्या हाती पडला. नंबर मिळाला म्हणजे माणूस सापडला का, हे कोडे मुलांना अवश्य घालावे.

सहावा डबा अक्राणीचा. त्याचे कोडे मात्र आपण रचायचे नाही. ते धडगाव-तोरणमाळकडच्या शाळांतल्या मुलांनी रचावे, आणि पावरी किंवा भिलोरी बोलीत रचावे. मग नंदुरबारच्या कॉलनीतल्या मुलांना कुणाला तरी विचारावे लागेल, हा शब्द काय, हे झाड कुठले, ही वाट कुठे जाते. आजवर शहराने प्रश्न विचारले आणि डोंगराने फॉर्मवर अंगठे दिले. एकदा डोंगराने कोडे घालावे आणि शहराने डोके खाजवावे. उत्तर सापडायला वेळ लागला तर लागो. निदान तालुके सहा आहेत, हे तरी पुन्हा कोणी विसरणार नाही.